कोणती मात्रा?
(छापखान्यापासून संगणकापर्यंत : संज्ञांच्या घोटाळ्याचा एक इतिहास)



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. त्यांच्याकडून मराठी किती शिकलो हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ‘नाव घेतलेस तर अर्थ सांग’ ही त्यांची सवय मात्र माझ्या अंगी कायमची लागली. पुढे नागपुरातील एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून माझे आयुष्य गेले. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्याची दृष्टी अधू झाली, अशा एका माणसाचे हे अनुभव आहेत, एवढेच समजून ऐकावे.

विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. डिजिटल प्रकाशन, त्याची तांत्रिक मानके आणि त्या मानकांतील संज्ञा, याचा बोरगावशी काय संबंध? मानक म्हणजे काही अद्भुत वस्तू नव्हे. विटेचे माप, नळाचा आटा, विजेच्या पिनांमधील अंतर यांविषयी सर्वांनी मान्य करून लिहून ठेवलेला नियम म्हणजे मानक. आपल्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाला हे सांगणे न लगे. पुस्तक जेव्हा कागदावरून पडद्यावर जाते, तेव्हा त्यालाही असे नियम लागतात: कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, पाने कोणत्या क्रमाने उलगडायची, लेखकाचे नाव कोठे नोंदवायचे. हे नियम शब्दांत लिहिले जातात, आणि शब्द आला की घोटाळा आलाच.

माझ्या वाट्याला हा घोटाळा आला तो आपल्याच शाळेच्या कामात. या व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिका आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी एकत्र करून त्यांचे डिजिटल पुस्तक करावे, असे आम्हां काही जणांच्या मनात आले. येथून बाहेर गेलेली मुले आज नागपूर, पुणे आणि परदेशांतही आहेत. आजोबांचे नाव पुस्तिकेत कोठे आले आहे, हे त्यांना घरबसल्या शोधता यावे, एवढीच इच्छा. अक्षरजुळणीचे काम छिंदवाड्याकडील एका तरुणाकडे दिले. मुलगा हुशार, कामाचा चोख, मातृभाषा हिंदी. एका माजी विद्यार्थ्याच्या आठवणीत ‘वडिलांनी शेत गहाण टाकून माझी फी भरली’ असे वाक्य होते. पहिल्या प्रुफात ‘शेत’ऐवजी ‘शत’ आले. मी समासात सवयीप्रमाणे लिहिले: ‘मात्रा द्या’. दुसरे प्रूफ आले त्यात ‘वडिलांनी शीत गहाण टाकून माझी फी भरली’ असे छापलेले! त्याच पानावर ‘पूर्णविराम द्या’ अशी माझी दुसरी सूचना होती. तेथे टिंब न येता उभा दंड उभा राहिलेला होता.

मी रागावलो, हे कबूल करतो. तो मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘सर, मात्रा तो लिखा है, पर कौन-सी?’’

त्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो, कारण चूक त्याची नव्हती. आपल्या मराठी शाळेत ‘मात्रा’ म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची एक तिरकी रेघ. ‘शे’ मधील ती मात्रा. ‘शा’ला काना, ‘शि’ला वेलांटी, ‘शु’ला उकार, प्रत्येकाला वेगळे नाव. हिंदी शाळेत मात्र ही सगळी चिन्हे मिळून ‘मात्रा’: आ की मात्रा, इ की मात्रा, उ की मात्रा. मराठीत जे एका व्यक्तीचे नाव, ते हिंदीत साऱ्या कुळाचे आडनाव. सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात हे दोन्ही अर्थ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदतात; कित्येकदा एकाच घरात, आजोबांच्या तोंडी एक आणि नातवाच्या तोंडी दुसरा. ‘मात्रा द्या’ ही सूचना मराठी जुळाऱ्याला पूर्ण होती. त्या मुलाला ती अर्धीच होती. उरलेली अर्धी त्याने अंदाजाने भरली, आणि ‘शीत’ हा हिंदीत अगदी चांगला शब्द आहे.

हा अनुभव आला तेव्हा मला वाटले, ही आपल्या सीमेवरच्या मुलखाची अडचण. पुढे जगभरच्या संगणकांत देवनागरी ज्या नियमांनी चालते ते नियम वाचण्याचा योग आला, आणि तोच घोटाळा तेथेही सापडला. त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

देवनागरीची संगणकावरील वाट भारतात प्रथम आखली गेली. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये त्याची पायाभरणी झाली. पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅककडे आले, जी संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली तयार झाली. तिचा एक आराखडा १९८८ चा, आणि भारतीय मानक ब्यूरोने आय. एस. १३१९४ या क्रमांकाने स्वीकारलेले रूप १९९१ चे. त्याच १९९१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. घर येथले, पण दारावरची काही नावे तेथे बदलली गेली.

त्यांतील एक नाव ‘विराम’. ‘वाक्’ या शब्दाच्या शेवटी आपण ‘क’चा पाय मोडतो. त्या खालच्या तिरक्या रेघेला मराठी शाळेत पाय मोडणे म्हणतात, हिंदीत हलंत म्हणतात. इस्कीने ‘हलंत’ हाच शब्द घेतला. (व्याकरणदृष्ट्या तोही काटेकोर नाही. हल् म्हणजे व्यंजन आणि हलन्त म्हणजे व्यंजनान्त शब्द. शब्दाचे नाव चिन्हाला चिकटले. असो.) युनिकोडने मात्र त्या रेघेला अधिकृत नाव दिले ‘देवनागरी साइन विरामा’. हे नाव आले कोठून? युरोपीय पंडितांनी इंग्रजीत लिहिलेल्या संस्कृत व्याकरणांतून. व्हिटनीच्या १८७९ च्या संस्कृत व्याकरणात या रेघेला विराम असेच म्हटले आहे, आणि संस्कृताच्या परंपरेत ते अस्थानी नाही; तेथे विराम म्हणजे उच्चाराचे थांबणे, आणि ही रेघ अक्षरातील ‘अ’ थांबवते.

परंतु मराठीत हा शब्द १९९१ पर्यंत मोकळा राहिलेला नव्हता; त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे तो दुसऱ्या कामावर रुजू होता. जुन्या मोडी व बाळबोध लेखनात आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. दंड सोडला तर ओळ अखंड वाहत जाई. ब्रिटिश अमदानीत शालेय पुस्तके छापली जाऊ लागली तेव्हा इंग्रजीच्या धर्तीवर स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम आले. या कामात मेजर टॉमस कँडी यांचा वाटा मोठा. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात ज्यांचे साहाय्य होते तेच हे कँडी. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाची एक छोटी पुस्तिका काढली. तिच्या नावातील शेवटचा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. नवी चिन्हे आणायची तर आधी त्यांची परिभाषा, म्हणजे कोणत्या चिन्हाला काय म्हणायचे हे, ठरवले पाहिजे, हे त्या परकीय माणसाला कळले होते. कँडींच्या मराठीवर इंग्रजीची छाया आहे अशी टीका पुष्कळ झाली, आणि ती सर्वथा अन्यायाची होती असे नाही. पण या एका बाबतीत मी त्यांना नमस्कार करतो. तेव्हापासून मराठी मुलाच्या लेखी विराम म्हणजे वाक्यातील थांबा. हिंदीतही ‘विराम चिह्न’ याच अर्थाने रूढ आहे.

आता युनिकोडची देवनागरीची तक्ती उघडून पाहावी. एका घरात पाय मोडण्याची रेघ, नाव ‘विरामा’. खाली बारीक अक्षरांत टीप, की हिंदीत ‘हलंत’ हे नाव अधिक पसंत आहे. त्या टिपेत मराठीचा उल्लेख नाही. थोडे पुढे गेल्यावर उभा दंड, नाव ‘दंडा’. खाली टीप, पर्यायी नाव ‘पूर्ण विराम’. म्हणजे एकाच तक्त्यात एक विराम व्यंजनाखाली आणि दुसरा वाक्याच्या शेवटी. त्यातही हिंदीचा पूर्णविराम दंड आणि मराठीचा टिंब. आमच्या पानावर जो दंड उभा राहिला, त्याची वंशावळ ही अशी आहे.

कोणी विचारील, चूक आहे तर दुरुस्त का करीत नाहीत? करता येत नाही. १९९६ मध्ये युनिकोडची दुसरी आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीपासून एकदा दिलेले नाव कधीही बदलायचे नाही असा नियम आहे. नियम वरकरणी हटवादी दिसतो, पण त्यामागे कारण आहे. ती नावे केवळ माणसे वाचीत नाहीत, असंख्य संगणक-आज्ञावल्या त्या नावांवर विसंबून असतात. नाव बदलले तर चालू यंत्र बंद पडायचे. म्हणून एके ठिकाणी इंग्रजी ‘ब्रॅकेट’ या शब्दाची अक्षरे उलटसुलट पडली, तीदेखील तशीच ठेवून शेजारी शुद्ध उपनाव जोडावे लागले. छापील पुस्तकाला शुद्धिपत्र लावून पुढच्या आवृत्तीत चूक काढता येते. मानकात चूक राहते आणि शुद्धिपत्रही कायमचे राहते. मुद्रितशोधकाला याहून मोठी शिक्षा कोणती?

‘मात्रा’ या शब्दाचेही तेच झाले. युनिकोडच्या ग्रंथात स्वरचिन्हांच्या प्रकरणाला कंसात ‘मात्रा’ म्हटले आहे, म्हणजे हिंदीच्या अर्थाने. मराठी वाचकाने ते प्रकरण उघडले तर त्याला वाटावे, येथे ‘के’ आणि ‘कै’ यांच्या डोक्यावरच्या रेघांविषयीच काही सांगितले आहे. सुदैवाने चिन्हांना प्रत्यक्ष नावे देताना त्यांनी हा शब्द टाळून ‘स्वरचिन्ह आ’, ‘स्वरचिन्ह ए’ अशा अर्थाची नावे दिली. हे शहाणपण होते. तेवढ्यामुळे पुढचा बराच गोंधळ वाचला.

हे सगळे नावांचे भांडण आहे, त्याने कोणाचे काय अडते, असे म्हणण्यापूर्वी ‘र’ची कथा ऐकावी. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. आचार्यांना नमस्कार करावा आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगावा. ‘दर्या’त रफार आहे, ‘दऱ्या’त पापणीच्या केसासारखा आडवा र आहे. हा आडवा र मराठीचा खास; हिंदीला त्याची गरज पडत नाही. इस्कीने १९९१ मध्ये त्यासाठी खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ या अक्षराचा आधार घेतला: तो लिहून पाय मोडला की आडवा र मिळावा. युनिकोडमध्येही ती सोय आहे; पण त्या अक्षराच्या टिपेत म्हटले आहे की ते द्राविडी भाषांतील एक ‘र’ लिप्यंतरित करण्यासाठी आहे. ही टीप वाचून मराठी माणूस त्या अक्षराकडे फिरकेल कसा? त्याने दुसरी वाट धरली. साधा र, मोडलेला पाय आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडणारे चिन्ह, अशीही ती आकृती काढता येते, आणि मागील आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून युनिकोडने तीही मान्य केली आहे. परिणाम असा, की आज ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाच्या हिशेबी मात्र ते दोन भिन्न शब्द; साधा शोध घेतला तर एकाला हाक मारल्यावर दुसरा ‘ओ’ देत नाही.

आमच्या पुस्तकात नेमके हेच घडले. काही पाने एका पद्धतीने जुळवलेली, काही दुसऱ्या. ‘शेतकऱ्यांची मुले’ असे शोधले तर निम्मी मुले सापडत, निम्मी सापडत नसत. शेतकऱ्यांच्या या गावात ‘शेतकऱ्या’चाच शब्द हरवावा, हे मला फार लागले.

या ठिकाणी जुन्या छापखान्याची आठवण होते. खिळ्यांच्या काळात हा प्रश्न असा आलाच नसता. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो कप्पे असत. आडव्या र चा खिळा एका कप्प्यात, रफाराचा दुसऱ्यात, आणि जुळाऱ्याचा हात त्या कप्प्याकडे जाई. त्याला नावाची पर्वा नव्हती. खिळ्याला गावोगाव निरनिराळी नावे असत, पण खिळा एकच असे आणि तो हातात धरून दाखवता येई. मुद्रितशोधकही समासात नाव लिहीत नसे, चिन्हच काढून दाखवी. मी तरुणपणी तसेच करीत होतो. वाढत्या वयात हात कापू लागला, म्हणून चिन्हाऐवजी ‘मात्रा द्या’ असे शब्द लिहू लागलो. विचार करता वाटते, घोटाळ्याचे मूळ तेथेच होते. बापूराव नाईक यांनी इंग्रजीत लिहिलेला देवनागरी मुद्राक्षरांचा तीन खंडांतील ग्रंथ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढला. त्या ग्रंथाची थोरवी मला छापखान्यातून निवृत्त झाल्यावर कळली.

‘अक्षर’ हा शब्दही असाच निसरडा. ‘क्षि’ हे बालवाडीतल्या मुलाला एक अक्षर. जुन्या जुळाऱ्याला दोन खिळे: क्ष आणि वेलांटी. संगणकाला चार संकेत: क, पाय मोडण्याचे चिन्ह, ष आणि वेलांटी. एखादी स्पर्धा ‘लेख दोन हजार अक्षरांचा असावा’ अशी अट घालते तेव्हा ती कोणाची अक्षरे मोजते? शिवाय ‘ल’ आणि ‘श’ घ्या. मराठी वळणाचा ल वेगळा, हिंदी वळणाचा वेगळा. तरी संगणकाच्या हिशेबी दोहोंचा संकेत एकच आणि फरक केवळ मुद्राकृतीचा. संकेत आणि आकृती हे दोन पदार्थ आहेत, आणि आपण दोहोंना ‘अक्षर’ म्हणतो.

त्याहून मोठा गोंधळ ‘फॉन्ट’ या शब्दाने केला आहे. ‘मराठी फॉन्ट टाकून द्या’ असे म्हणणाऱ्याला कधी कळफलक हवा असतो, कधी अक्षराचे वळण, कधी संकेतप्रणाली. आपल्या राज्यातील कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या दुकानांत परिचित असलेल्या कृतिदेवचे उदाहरण घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर संगणकाच्या पोटात साठतात ती इंग्रजी अक्षरे: ई, जे, के, मोठा बी आणि एच. कृतिदेव हा केवळ त्या इंग्रजी अक्षरांवर चढवलेला देवनागरी सदरा आहे. सदरा काढला की आतले अंग दिसते. त्या काळी तोच व्यवहार्य उपाय होता, आणि त्यावर हजारो लोकांनी पोट भरले. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यालाही ‘फॉन्ट’ म्हणायचे आणि युनिकोडलाही ‘युनिकोड फॉन्ट’ म्हणायचे, यामुळे एक गैरसमज पक्का झाला, की हे दोन सदऱ्यांचे प्रकार आहेत आणि एक काढून दुसरा घातला की भागले. आमच्या काही जुन्या पुस्तिकांची मूळ संगणक-प्रत अशाच एका जुन्या फॉन्टात होती. ती जपून ठेवणाऱ्या सद्गृहस्थांना वाटत होते, मजकूर सुरक्षित आहे. उघडल्यावर गुरुजींवरचा मृत्युलेख इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक रांगांत दिसला. ‘मजकूर’ आणि ‘मजकुराचे चित्र’ यांतील भेद त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. आणि तो सांगण्यासाठी आपल्या बोलण्यात शब्दही नव्हता.

तर मग नवे शब्द घडवावेत काय? या प्रश्नाचा इतिहास आपल्या उंबरठ्यावरच घडला आहे. आपला मुलूख तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर. त्या प्रांताने १९५० मध्ये हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा मानणारा कायदा केला. रविशंकर शुक्लांच्या राजवटीत डॉ. रघुवीर (१९०२-१९६३) नागपुरात बसून शासनव्यवहाराचे आणि विज्ञानाचे शब्द घडवीत होते. त्यांची पद्धत कडक: संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या जुळणीतून प्रत्येक इंग्रजी संज्ञेला एकच प्रतिशब्द. त्यांच्या नावावर जे विनोदी शब्द खपवले जातात, त्यांतले पुष्कळसे त्यांचे नसावेत. त्यांची एक दृष्टी मला पूर्ण पटते: एका अर्थाला एक शब्द आणि एका शब्दाला एकच अर्थ. जी पटत नाही ती अशी, की लोकांच्या तोंडी असलेला शब्द त्यांना पुरेसा वाटत नसे. ‘खिळा’, ‘रफार’, ‘काना’, ‘वेलांटी’ हे शब्द कोणा समितीने घडवलेले नाहीत, तरी मानकात घालण्याइतके ते नेमके आहेत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा नव्या मध्यप्रदेशात राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी हिंदी कारभाराच्या अंगणात वाढली. तिकडे महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. दिल्लीत १९६१ मध्ये वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग आला. परिभाषेचे कारखाने वाढले. पण मराठी ‘मात्रा’ आणि हिंदी ‘मात्रा’ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या आपल्या मुलांना दोन्हींकडून कोणी विचारले नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला; त्याच्या कागदपत्रांत तरी हा विचार व्हावा, असे मनात येते.

शेवटी डिजिटल पुस्तकाच्या मानकाकडे येतो. १९९९ मध्ये ‘ओपन ईबुक’ नावाने त्याचा पाया घातला गेला. २००७ मध्ये त्याचे ‘ईपब’ झाले, २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि २०१७ पासून ते वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेकडे आहे. या मानकात ‘स्पाइन’ नावाची एक यादी असते. बांधणीकाराला विचाराल तर स्पाइन म्हणजे पुस्तकाची पाठ, जेथे नाव छापतात आणि डिंक लावतात. मानकात मात्र स्पाइन म्हणजे प्रकरणे वाचण्याचा क्रम. पानांना एकत्र धरून ठेवणारी ती पाठ, म्हणून हे रूपक. सुचलेही बरे असेल. पण छापखान्यात जन्म घालवलेल्या मला पहिल्यांदा वाटले, येथे मुखपृष्ठाच्या कडेचे चित्र मागत आहेत.

याहून गंभीर गोष्ट लेखकाची. त्या मानकाच्या आधीच्या आवृत्त्यांत पुस्तकाची डिजिटल प्रत तयार करणाऱ्याला ‘ऑथर’ म्हटले होते, आणि लगेच खुलासा केला होता, की हा ऑथर मजकुराचा कर्ता असेलच असे नाही. लेखक नसलेला लेखक! मे २०२३ मध्ये मान्य झालेल्या ३.३ या आवृत्तीत तो शब्द टाकून ‘ईपब क्रिएटर’ असा शब्द घेतला. सुधारणा झाली खरी. पण पुस्तकाच्या नोंदीत लेखकाचे नाव ज्या रकान्यात भरायचे, त्या रकान्याचे नाव १९९५ पासून चालत आलेल्या डब्लिन कोअर या ग्रंथनोंदीच्या पद्धतीनुसार ‘क्रिएटर’ असेच आहे. एक खड्डा बुजवताना माती शेजारच्याच जागेतून काढली गेली. आमच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रतीत लेखकाच्या रकान्यात त्या अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाचे नाव भरले गेले होते, ते यामुळेच. त्याने मुद्दाम केले नव्हते. क्रिएटर कोण असे यंत्राने विचारले, आणि प्रत तर त्यानेच तयार केली होती.

त्यानंतर आम्ही दोघे एका दुपारी बसलो आणि एक कागद केला. त्यावर काही मोजके शब्द आहेत. ‘मात्रा’ हा शब्द आम्ही वर्ज्य केला. त्याऐवजी चिन्हच काढायचे आणि शेजारी त्याचा युनिकोड क्रमांक लिहायचा. ‘विराम’ एकटा कधी वापरायचा नाही. ‘टिंब’ किंवा ‘दंड’ म्हणायचे. पाय मोडण्याच्या रेघेला ‘पायमोड’. त्या मुलाला हा शब्द इतका आवडला, की आता तो हिंदी पुस्तकांच्या कामातही ‘पायमोड’ म्हणतो. आडवा र एकाच पद्धतीने साठवायचा, इस्कीच्या वाटेने. ‘फॉन्ट’ म्हणजे केवळ वळण. ‘लेखक’ म्हणजे ज्याने लिहिले तो, आणि प्रत करणाऱ्याला ‘प्रतकार’. पूर्वी पोथीच्या शेवटी नकलणारा आपले नाव, तिथी आणि गाव लिहून ठेवी. त्या पानावर लेखक आणि नकलणारा यांची गल्लत झालेली मी पाहिलेली नाही.

हा कागद पुस्तकाच्या पहिल्या पानावर लावला आहे. ज्याला तो अपुरा वाटेल त्याने त्यात भर घालावी. मात्र शब्दापुढे अर्थ लिहावा. जुन्या पुस्तिकांपैकी चार अजून मिळालेल्या नाहीत. कोणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत असतील तर शाळेच्या कचेरीत आणून द्याव्यात; नक्कल करून त्या परत केल्या जातील. एका पुस्तिकेच्या समासात गुरुजींनी स्वतः प्रूफ तपासलेले आहे. त्यांनी कोठेही शब्द लिहिलेला नाही, नुसती चिन्हे काढली आहेत, आणि ती त्या मुलाने माझ्या मदतीवाचून वाचली.